ड्रीमकास्टचा वारस

ड्रीमकास्टच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच तिचं काम. पंचवीस वर्षांत ती बहुतेक यंत्रांत निकामी झाली आहे. अशा यंत्राचं बटण दाबलं की पडद्यावर भोवऱ्याची खूण उमटते, र्‍युइची साकामोटो यांनी रचलेले काही सूर वाजतात आणि यंत्र तारीख विचारतं. तिथे एक तारीख आधीच भरलेली असते: २७ नोव्हेंबर १९९८, रात्री बारा. ड्रीमकास्ट जपानच्या दुकानांत आला तो हा दिवस.

सेगा कंपनीचा हा शेवटचा गेम कन्सोल. अमेरिकेत तो ९ सप्टेंबर १९९९ रोजी आला. ३१ जानेवारी २००१ रोजी कंपनीनं तो बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मार्चअखेर उत्पादन थांबवलं. जगभरात मिळून ९१ लाखांच्या आसपास यंत्रं खपली. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं हे सगळं जेमतेम दीड वर्षात आटोपलं. तरीही ‘याच्यानंतर काय आलं असतं?’ हा प्रश्न लोक अजून सोडत नाहीत. चाहत्यांनी वारसाची चित्रं काढली, संगणकावर त्याचे नमुने उभे केले, सेगाकडे मागण्या केल्या. अधूनमधून ‘ड्रीमकास्ट टू येतोय’ अशी आवई उठते आणि विरून जाते. हा लेख त्या न झालेल्या यंत्राबद्दल आहे. ते कसं असावं याविषयी माझं ठाम मत आहे, आणि त्या मताची सुरुवात प्रोसेसरच्या वेगापासून होत नाही.

आपल्याकडे ड्रीमकास्ट फारसा कुणी पाहिलेला नाही. सेगाचं त्याआधीचं मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९९५च्या सुमारास शॉ वॉलेसनं भारतात आणलं होतं. आयातीवर ८० टक्के कर होता आणि यंत्राची किंमत १८,००० रुपयांच्या घरात. तेवढ्या पैशांत तेव्हा घरात रंगीत टीव्ही येई. त्यामुळे आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या वाट्याला आला तो कॅसेट घालायचा, जपानी यंत्राची नक्कल असलेला टीव्ही व्हिडिओ गेम. मात्र सेगाची ओळख आपल्याला झालीच नाही असं नाही. ‘व्हर्च्युआ कॉप टू’ आणि ‘द हाउस ऑफ द डेड’ सायबर कॅफेत किंवा शेजारच्याच्या पीसीवर ज्यांनी खेळले, त्यांनी सेगाच्या आर्केडमधलेच गेम खेळले. माउसनं नेम धरत खेळायचे ते खेळ मुळात प्लॅस्टिकच्या पिस्तुलासाठी बनलेले होते. ड्रीमकास्टमागची कल्पनाही हीच होती. आर्केडमध्ये नाणं टाकून जे मिळतं ते घरच्या टीव्हीवर जसंच्या तसं मिळावं. सेगाचं ‘नाओमी’ हे आर्केड यंत्र आणि ड्रीमकास्ट यांची अंतर्गत रचना जवळपास एकच होती, आर्केडमधल्या भावंडाला मेमरी तेवढी जास्त.

वारसाची कल्पना करायची तर आधी हे यंत्र का गेलं ते नीट समजून घ्यायला हवं. त्याबद्दल एक सोपी गोष्ट सांगितली जाते: सोनीचा प्लेस्टेशन टू आला आणि ड्रीमकास्ट चिरडला गेला. हे खरं आहे, पण अपुरं आहे. सेगाचं दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं होतं.

मेगा ड्राइव्हचा काळ सेगाच्या भरभराटीचा. मग त्याला जोडायचं सीडीचं उपकरण आलं. मग १९९४मध्ये थर्टी-टू-एक्स नावाचं आणखी एक जोड-उपकरण आलं, आणि त्याच वर्षी जपानात सॅटर्न हा सर्वस्वी नवा कन्सोलही आला. ज्यांनी थर्टी-टू-एक्स घेतलं त्यांचे पैसे काही महिन्यांत पाण्यात गेले. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री हे व्हिडिओ गेमच्या धंद्याचं प्रदर्शन पहिल्यांदा भरलं. सेगाच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्के यांनी मंचावरून जाहीर केलं, की सॅटर्न आजपासूनच दुकानांत आहे, किंमत ३९९ डॉलर. ठरलेली तारीख सप्टेंबरमधली होती. गेम बनवणाऱ्यांचे गेम अर्धवट होते, आणि माल मोजक्याच दुकानसाखळ्यांना मिळाला होता. बाकीचे दुकानदार संतापले. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. सॅटर्न अमेरिकेत त्यानंतर सावरलाच नाही.

म्हणजे ड्रीमकास्ट बाजारात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर तीन यंत्रांचं ओझं होतं. दुकानदार सावध होते, गेम बनवणारे सावध होते आणि गिऱ्हाईकही. क्रीडागेममधली सर्वांत मोठी कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स हिनं ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. यंत्र बनवतानाही घरात दोन तट होते. अमेरिकेतला गट थ्रीडीएफएक्सची चिप घेऊन एक रचना करत होता, तर जपानात हिदेकी सातो यांचा गट हिताचीचा प्रोसेसर आणि पॉवरव्हीआरची चिप घेऊन दुसरी. सातोंची रचना निवडली गेली आणि थ्रीडीएफएक्सनं कोर्टात धाव घेतली. जपानात विक्री सुरू झाली तेव्हा ग्राफिक्सच्या चिपाच पुरेशा तयार होत नव्हत्या, त्यामुळे मागणी असूनही दुकानं रिकामी राहिली. सेगाचं लाडकं पात्र सोनिक, त्याचा नवा गेमसुद्धा यंत्राबरोबर आला नाही, महिनाभर मागाहून आला.

इतकं असूनही अमेरिकेतली सुरुवात दणक्यात झाली. १९९ डॉलरला एक या भावानं पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाख यंत्रं गेली. लोकांना हे यंत्र मनापासून आवडलं होतं, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पण मार्च १९९९मध्येच सोनीनं आपल्या पुढच्या यंत्राची घोषणा करून ठेवली होती. ते डीव्हीडी चित्रपटही दाखवणार होतं. घरात एकच खोकं घ्यायचं तर थोडं थांबून तेच घेऊ, असा हिशेब लाखो घरांत झाला. प्लेस्टेशन टू पुढे १५ कोटींहून अधिक खपला. सेगानं किंमत १४९ डॉलरवर आणली, पुढे शंभरच्या खाली. प्रत्येक यंत्रामागे तोटा वाढत गेला.

या शेवटच्या दिवसांतली एक व्यक्ती माझ्या मनातून जात नाही. इसाओ ओकावा हे सेगाचे अध्यक्ष आणि तिची मालक कंपनी सीएसके हिचे संस्थापक. त्यांनी स्वतःच्या खिशातून सेगाला प्रचंड कर्ज दिलं होतं. कन्सोलच्या धंद्यातून बाहेर पडावं असं त्यांचं मत आधीपासूनच होतं. ड्रीमकास्ट बंद करायचं ठरलं तेव्हा ते मरणपंथाला लागले होते. त्यांनी ते कर्ज माफ केलं आणि सेगा व सीएसकेमधले सुमारे ६९.५ कोटी डॉलर किमतीचे आपले समभाग सेगाला देऊन टाकले. १६ मार्च २००१ रोजी ते वारले. सेगा आज गेम बनवणारी कंपनी म्हणून उभी आहे ती या देणगीमुळे. ज्या माणसाला हा धंदा पटत नव्हता, त्यानंच त्यातून बाहेर पडायचा खर्च उचलला.

या सगळ्या हकिकतीत यंत्र चांगलं नव्हतं म्हणून बंद पडलं, असं कुठेच म्हणता येत नाही. कंपनीची पत आधीच संपलेली होती. म्हणूनच वारसाच्या चर्चेत कुणी ‘अमुक चिप, इतकी मेमरी, फोर-के चित्र’ अशी यादी वाचायला लागलं की मला वाटतं, आपण चुकीच्या टोकाला धरून ओढतोय. ताकदीच्या शर्यतीत आज सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो आहेत. तिथे चौथ्याला जागा नाही, आणि असली तरी सेगाला ती परवडणारी नाही.

जुन्या नावाची पुण्याई वापरून नवं यंत्र काढण्याचे प्रयोग झालेले आहेत. अटारीचं नाव घेऊन २०२१मध्ये एक यंत्र आलं. दिसायला देखणं होतं, पण ते कशासाठी घ्यायचं याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. इन्टेलिव्हिजनच्या नावानं २०१८मध्ये जाहीर झालेल्या ‘अमिको’साठी लोकांनी आगाऊ पैसे भरले. ठरलेली ऑक्टोबर २०२०ची तारीख उलटून गेली, तरी यंत्र काही दुकानात आलं नाही. कोलेकोच्या नावाचा प्रकार तर त्याहून वाईट होता. २०१६मध्ये पारदर्शक खोक्यातला जो ‘नमुना’ दाखवला गेला, त्यात संगणकाला लावायचं व्हिडिओ-कॅप्चरचं जुनं कार्ड बसवलेलं आहे, हे जाणकारांनी फोटोवरूनच ओळखलं आणि तो प्रकल्प तिथेच संपला. आठवणींच्या जोरावर पैसे गोळा करता येतात. त्या आठवणीत नेमकं काय चांगलं होतं, हे मात्र यांपैकी कुणी बघितलं नाही.

ड्रीमकास्टमध्ये काय चांगलं होतं ते बघण्यासाठी यंत्र जवळ घ्यावं लागतं. जेमतेम वीतभर लांबीरुंदीचं पांढरं खोकं, पुढे कंट्रोलर लावायला चार खाचा. चार मित्र एका टीव्हीसमोर बसणार हे गृहीत धरूनच ते घडवलंय. कंट्रोलरच्या पोटात वरून दोन कप्पे, आणि त्यातल्या एकात बसणारी व्हीएमयू नावाची छोटी वस्तू. तिच्यात खेळाची नोंद साठवायची सोय, आणि ४८ गुणिले ३२ ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा. कंट्रोलरमधल्या खिडकीतून तो पडदा खेळणाऱ्याला दिसतो. ‘रेझिडेंट ईव्हिल’मध्ये आपल्या पात्राची तब्येत तिथे कळायची. कंट्रोलरमधून ती वस्तू काढली की स्वतंत्र खेळणं व्हायचं. सोनिकच्या गेममधला ‘चाओ’ नावाचा पाळीव जीव तिच्यात घालून खिशातून फिरवता यायचा. बॅटऱ्या मात्र ती भराभर खायची, आणि त्या संपल्या की दर वेळी यंत्र सुरू करताना कर्कश शिट्टी वाजायची.

कंट्रोलरमध्ये आणखी एक गुण आहे, जो बाहेरून दिसत नाही. त्याची अंगठ्यानं फिरवायची कांडी चुंबकावर चालते. आत लोहचुंबक आणि त्याचं क्षेत्र मोजणारा संवेदक, त्यामुळे घासून झिजण्यासारखं तिथे काही नाही. आजच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये त्या जागी एकमेकांवर घासणारे भाग असतात. वर्ष-दोन वर्षांत ते झिजतात आणि हात न लावता पडद्यावरचं पात्र आपोआप एका बाजूला सरकायला लागतं. कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्यांकडे येणारी ही हमखास तक्रार. १९९८च्या यंत्रात तिच्यावर उपाय तयार होता. वारसामध्ये तो यावा, आणि जोडीला दुसरी कांडीही, कारण ड्रीमकास्टला एकच होती आणि नेमबाजीचे गेम त्यावर अडखळत खेळावे लागत.

आता ग्राफिक्सची चिप. त्या काळच्या इतर चिपा समोर येईल ती वस्तू रंगवत सुटायच्या, मग तिच्यापुढे दुसरी वस्तू आली की तिच्यावर पुन्हा रंगवायच्या. कपाट लावून झाकली जाणारी भिंतही आधी रंगवून काढावी, तसं. पॉवरव्हीआर पडद्याचे लहान लहान चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनात शेवटी नजरेला काय दिसणार ते आधी ठरवते आणि तेवढंच रंगवते. त्यामुळे २०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १६ एमबी मेमरी असलेल्या यंत्रानं ‘सोलकॅलिबर’सारखा गेम आर्केडपेक्षाही देखणा चालवून दाखवला. ही काटकसर पुढे मोबाइल फोनला वरदान ठरली, कारण फोनमध्ये प्रत्येक वायफळ काम बॅटरी खातं. २००७च्या पहिल्या आयफोनमधली ग्राफिक्सची चिप पॉवरव्हीआरच्याच घराण्यातली. त्या अर्थानं ड्रीमकास्टचा एक वारस कोट्यवधी खिशांत जाऊन बसला, फक्त सेगाचं नाव त्यावर नव्हतं.

आणि मोडेम. ड्रीमकास्टमध्ये तो खोक्याबरोबरच यायचा, वेगळा घ्यावा लागत नसे. टेलिफोनची वायर लावली की झालं. २०००च्या डिसेंबरमध्ये जपानात ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ आला. चार अनोळखी माणसांनी मिळून एका परग्रहावर भटकायचं आणि राक्षसांशी लढायचं, असा तो खेळ. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट लढाईशी संबंधित नाही. गेममध्ये तयार वाक्प्रचारांची एक यादी होती. जपानी खेळाडूनं त्यातून वाक्य निवडलं की समोरच्या जर्मन खेळाडूला ते जर्मनमध्ये दिसायचं, फ्रेंच खेळाडूला फ्रेंचमध्ये. जपानी, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश अशा पाच भाषा होत्या. ‘मला वाचवा’, ‘इकडे या’, ‘धन्यवाद’ एवढ्या भांडवलावर ओसाका आणि हॅम्बुर्गमधली पोरं रात्र रात्र एकत्र खेळली. नव्या यंत्रात ही यादी यंत्राच्या पातळीवरच असावी, म्हणजे प्रत्येक गेमला आयती वापरता येईल, आणि तिच्यात मराठीही असावी. काही शे वाक्यं, नीट बोलीतली, कुणीतरी जाणत्यानं लिहिलेली. त्याला खर्च असा किती येणार!

पण वारसानं सर्वांत आधी काय घ्यावं असं विचाराल, तर मी यातलं काहीच सांगणार नाही. मी ड्रीमकास्टची एक चूक सांगेन.

ड्रीमकास्टची चकती साध्या सीडीसारखीच दिसते. उलटी करून उजेडात धरली की तिच्यावर दोन वेगळ्या छटांची वर्तुळं दिसतात आणि त्यांच्या मधे एक अरुंद पट्टा. आतलं वर्तुळ साध्या सीडीचं. गाण्यांच्या सीडी-प्लेअरमध्ये ती चकती घातली तर ‘ही ड्रीमकास्टची आहे’ असा इशारा देणारा आवाज ऐकू येतो. बाहेरच्या वर्तुळात माहिती दाटीवाटीनं लिहिलेली, सुमारे एक जीबी. हा प्रकार यामाहाच्या साथीनं केलेला. साध्या सीडी-ड्राइव्हला बाहेरचा भाग वाचता येत नाही, त्यामुळे नकला होणार नाहीत, असा सेगाचा भरवसा होता. पण यंत्रात आणखी एक सोय होती, मिल-सीडी नावाची: गाण्यांच्या सीडीवर थोडी चित्रं, थोडे मेनू घालता यावेत म्हणून साध्या सीडीवरूनही प्रोग्रॅम चालू करण्याची मुभा. अशा सीडी जपानात मोजक्याच निघाल्या. पण २०००च्या मध्यावर हॅकरांना ते दार सापडलं. यंत्र न उघडता, एकही चिप न लावता, घरच्या संगणकावर लिहिलेली सीडी ड्रीमकास्टवर चालायला लागली. सेगानं घाईनं पुढच्या यंत्रांतून ती सोय काढली, पण लाखो यंत्रं तोवर घराघरांत पोचली होती.

चाचेगिरीनं ड्रीमकास्ट मारला असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. तोपर्यंत निकाल लागल्यात जमा होता. त्या दारातून चोर आले हे खरं, पण त्यांच्या मागोमाग कारागीरही आले. कंपनीची परवानगी न लागता, तिची महागडी उपकरणं न घेता, कुणीही या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहू शकत होतं. कॅलिस्टीओएस नावाची मुक्त प्रणाली उभी राहिली. तिच्या आधारानं लिहिलेल्या गेममध्ये सेगाच्या कोडची एक ओळही लागत नाही. तिच्यावर आजही काम चालू आहे. सेगाच्या परवान्यानं निघालेला शेवटचा गेम मार्च २००७मधला ‘कॅरस’. त्यानंतरही छोट्या मंडळींनी नवे गेम काढले, छापील वेष्टनात घालून विकले. चकती वाचणारा भाग झिजतो म्हणून त्या जागी एसडी कार्ड वाचणारा बोर्ड कुणी बनवला.

मोडेमचं काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत सेगाची सेगानेट ही सेवा महिना २१.९५ डॉलर घ्यायची. ती बंद पडली, सर्व्हर बंद पडले, पुढे घरांतले लँडलाइन फोनही गेले. तेव्हा ड्रीमपाय आला. रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आणि त्याला लावलेला एक यूएसबी मोडेम. ड्रीमकास्ट फोन उचलतो, तर हा छोटा संगणक त्याला डायलटोन ऐकवतो. ड्रीमकास्ट नंबर फिरवतो, तर हा उचलतो. मोडेमची किरकिर होते आणि ड्रीमकास्ट आपल्या समजुतीप्रमाणे टेलिफोनवरून इंटरनेटला जोडला जातो. दुसऱ्या टोकाला चाहत्यांनी स्वखर्चानं चालवलेले सर्व्हर. ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ आजही खेळला जातो.

२०२४च्या अखेरीस तर ‘ग्रँड थेफ्ट ऑटो थ्री’ ड्रीमकास्टवर चालायला लागला. हा गेम एकेकाळी ड्रीमकास्टसाठी योजलेला होता, पण यंत्रच बंद झाल्यामुळे २००१मध्ये प्लेस्टेशन टूवर आला. ३२ एमबी मेमरीसाठी बनलेलं आख्खं शहर १६ एमबीत बसवायचं म्हणजे रस्त्यारस्त्यावर हिशेब. हौशी मंडळींनी ते केलं. त्याच्या पायाशी असलेला उलटा उकलून काढलेला कोड कायद्याच्या दृष्टीनं वादग्रस्त आहे, त्यावरून मूळ मालक कंपनी २०२१मध्ये कोर्टात गेली होती. ते नाकारण्याचं कारण नाही. पण परवानगीनं चालणाऱ्या जगात या कामाला जागाच ठेवलेली नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून माझ्या मनातला वारस असा आहे. मिल-सीडीमुळे चुकून उघडं राहिलेलं ते दार त्यात मुद्दाम, पहिल्या दिवसापासून असेल. यंत्र विकत घेतलं की त्यासाठी गेम लिहिण्याचा हक्कही आला, वेगळं यंत्र नाही, वेगळा करार नाही. चिपांची माहितीपुस्तकं सगळ्यांसाठी खुली. मोठ्या कंपन्यांना आपल्या गेमना कुलूप लावायचं असेल तर लावू दे, पण त्या कुलपाला मुदत असेल. उत्पादन थांबलं की किल्ली जाहीर. ही किल्ली कंपनीच्या तिजोरीत ठेवून भागणार नाही, कारण कंपन्या विकल्या जातात, बुडतात. ती एखाद्या ग्रंथालयाकडे ठेवावी. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात पुस्तकांप्रमाणेच चकत्यांवर निघणारं साहित्यही २०००पासून कायद्यानं जमा होतं. मग त्याच्या शेजारी ती किल्ली का असू नये?

सर्व्हरचं तेच. जाळ्यावर खेळायचा प्रत्येक गेम आपल्या सर्व्हरचा प्रोग्रॅम चकतीवरच घेऊन येईल. कंपनी चालवते तोवर तिचा सर्व्हर, नंतर ज्याला हवा त्यानं घरी चालवावा. ही मागणी आता चाहत्यांपुरती राहिलेली नाही. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर मार्च २०२४मध्ये बंद केले आणि विकत घेतलेला गेम लोकांच्या हातात निरुपयोगी झाला. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या नागरिक-अर्जानं दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३मध्ये दाखवून दिलं, की तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. चित्रपटांच्या बाबतीत आपण भारतीयांनी हे सोसलेलं आहे. ‘आलम आरा’ची प्रतच उरलेली नाही, त्यामुळे तो बोलपट आपल्यातल्या कुणालाही पाहता येत नाही.

खोकं स्वतः साधं असावं. फोनमधल्या मध्यम दर्जाच्या चिपच्या ताकदीचं, पंखा नसलेलं, चार कंट्रोलरचं. जुन्या चकत्या वाचणारं, आजच्या टीव्हीला लागणारं. आतली बॅटरी ड्रीमकास्टसारखी डाख देऊन चिकटवलेली नको, बोटानं काढता यावी. हातातला छोटा पडदा हवाच. फोन आहे की प्रत्येकाकडे, असं कुणी म्हणेल. पण फोनवर निरोप येतात, जाहिराती येतात, लक्ष जातं. कंट्रोलरमधला पडदा फक्त खेळाचा असतो. चौघं रमी खेळायला बसले आणि प्रत्येकाची पानं ज्याच्या त्याच्या हातात दिसताहेत, मोठ्या पडद्यावर फक्त डाव. असे खेळ ड्रीमकास्टवर पुरेसे झालेच नाहीत, त्याआधीच तो गेला.

सेगा हे करील का? सेगाचे योसुके ओकुनारी यांनी मेगा ड्राइव्हच्या छोट्या आवृत्त्या काढल्या. ड्रीमकास्टची तशी आवृत्ती काढण्याचा विचारही झाला होता, पण लागणाऱ्या चिपांचा खर्च आडवा आला, हे त्यांनी सांगितलेलं आहे. मोठ्या कंपनीच्या हिशेबात हे बसत नाही हे मला मान्य आहे. म्हणून सेगानं स्वतः कारखाना काढू नये. नाव, आराखडे आणि जुन्या गेमचे हक्क रास्त अटींवर एखाद्या छोट्या, कारागिरीची जाण असलेल्या कंपनीला द्यावेत. गिऱ्हाईक आहे. २०१५मध्ये ‘शेनम्यू’ या गेमचे कर्ते यू सुझुकी यांनी ‘शेनम्यू थ्री’साठी लोकांकडे पैसे मागितले तेव्हा ६९,३२० जणांनी मिळून ६३ लाख डॉलर दिले. ड्रीमकास्टवरच्या त्या पहिल्या ‘शेनम्यू’मध्ये योकोसुका शहराचं १९८६ सालचं खरंखुरं हवामान नोंदींवरून घातलेलं होतं, त्या दिवशी तिथे पाऊस होता तर गेममध्येही पाऊस. एवढी मेहनत ज्यांनी पाहिली ते सोळा वर्षं थांबले आणि पैसे घेऊन आले.

यंत्राबरोबर कुठला गेम द्यायचा तेही मी ठरवून ठेवलंय. २९ मार्च २००१ रोजी, उत्पादन थांबायला दोन दिवस उरले असताना, सेगानं जपानात ‘सेगागागा’ नावाचा गेम काढला. तेझ ओकानो यांच्या चमूनं तो थोडक्या पैशांत बनवला होता. त्यातलं कथानक २०२५ सालचं. सेगाकडे बाजाराचा फक्त तीन टक्के वाटा उरलाय, बाकी सगळं डॉग्मा नावाच्या बलाढ्य कंपनीनं व्यापलंय. कंपनी वाचवायची जबाबदारी एका पोरावर सोपवली जाते. त्यानं थकलेल्या, चिडलेल्या प्रोग्रॅमरांची समजूत घालायची, त्यांना कामाला लावायचं आणि वेळेत चांगले गेम बाहेर काढायचे. जपानबाहेर तो अधिकृतपणे कधीच आला नाही. त्याच्या भाषांतराला नव्या यंत्राची वाट पाहायची गरज नाही. सेगानं ठरवलं तर ते काम उद्यासुद्धा सुरू होऊ शकतं.